वाळूतली राखण

१

रितेश गेला तेव्हा हॉलमधल्या टाकीत पाणी होतं, वाळू होती, फिल्टर चालू होता, मासा नव्हता. जुने मासे त्याने मित्रांना वाटून टाकले होते. आता त्याला एकच मोठा, मारका मासा हवा होता आणि कोणता ते ठरत नव्हतं. जेवताना रोज तोच विषय: रेड डेव्हिल की जग्वार. "नावं ऐकूनच घास उतरत नाही," नम्रता म्हणायची. तो म्हणायचा, "आई, मारका मासाच माणसाला ओळखतो. बाकीचे नुसते पोहतात."

निवळीच्या घाटात ट्रक त्याच्या अंगावरून गेला. त्याबद्दल याहून अधिक लिहीत नाही.

त्यानंतर नम्रता टाकीसमोर बसू लागली. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. संध्याकाळी घरी आलो की ती तिथेच दिसायची, रिकाम्या पाण्यासमोर, मांडीवर हात ठेवून. जेवण दोन घासांवर आलं होतं. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायच्या. मला तेवढंच एक माणूस उरलं होतं आणि ते माझ्यादेखत विरघळत चाललं होतं.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "मासा आणू या. त्याचं ठरवायचं राहिलं ते आपण ठरवू."

तो गेल्यापासून तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मी पायातली चप्पल काढली नव्हती, तसाच वळलो.

२

दर्शनचं दुकान मारुती मंदिराच्या पुढच्या गल्लीत आहे. रितेश तिथे तासन्‌तास उभा असायचा. आम्हाला बघून दर्शनने हातातलं जाळं खाली ठेवलं आणि काय बोलावं ते न सुचून भराभर मासेच दाखवायला लागला.

"ऑस्कर न्या सर. मासा कसला, कुत्रा आहे. दारात आलात की शेपूट हलवील. फ्लॉवरहॉर्न नको. कपाळावर टेंगूळ, बाकी काय नाय. लोक वास्तूसाठी नेतात नि मग त्याचीच शांत करत बसतात."

"रेड डेव्हिल आणि जग्वार," नम्रता म्हणाली.

"काकू, ते घरात ठेवण्यासारखे नायत."

"रितेशला सांगितलं होतंस का असं?"

"सांगून ऐकतोय तो?" दर्शन म्हणाला, आणि आम्ही तिघंही जरासं हसलो. त्याच्यावर हसायला मिळालं याचं मला बरं वाटलं.

मागच्या रांगेत दोघं वेगवेगळ्या टाक्यांत होते, चांगले वीतभर लांब. डेव्हिल पिकल्या सुपारीच्या रंगाचा, जाड ओठांचा. जग्वार रुपेरी, अंगभर काळे ठिपके. तोंड मिटलेलं असतानाही त्याचे दात दिसत होते. दर्शनने डेव्हिलच्या काचेला बोट लावलं. मासा असा धडकला की वरचं झाकण हललं.

"हा भडक डोक्याचा. तो पलीकडचा थंड." त्याने जग्वारकडे मान केली. "मागच्या महिन्यात मादी सोडली होती त्याच्यात. आधी डोळे काढले. मग दोन दिवस तिला नुसती ढकलत फिरवली. भूक नव्हती हो. उगाच."

"मग निवडायचा कसा?" मी विचारलं.

"दोन्ही न्या. टाकीत मधोमध जाळी घाला, एकेकाला एकेक बाजू. थोडे दिवस बघा. जो जाळीपलीकडच्याशीच भांडत बसेल तो मला परत. जो त्याला सोडून तुमच्या अंगावर येईल तो तुमचा. मोठ्या माशाला गिऱ्हाईक आलं की आम्ही असंच करतो." नम्रताकडे बघत तो म्हणाला, "जाळी मात्र घट्ट बसवा काकू. नायतर दुसऱ्या दिवशी एकच दिसेल, नि त्याचंही पोट फुगलेलं."

३

आमची विहीर जांभ्यातली. पाणी मऊ, किंचित आंबटाकडे झुकणारं. या माशांना ते चालत नाही, कडक पाणी लागतं. त्यावर रितेशचा उपाय होता: भाट्याच्या किनाऱ्यावरून रिकामे शिंपले आणायचे, हातोडीने फोडायचे आणि मांजरपाटाच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवायचे. चुना हळूहळू पाण्यात उतरतो. पिशव्या नम्रता शिवून द्यायची. त्याने भरून ठेवलेली शेवटची पिशवी परसातल्या रातांब्याच्या फांदीला तशीच लटकत होती.

त्याच फांदीला त्याच्या अस्थी टांगल्या होत्या. अस्थी घरात आणत नाहीत. बांधायला ऐन वेळी दुसरं कापड हाताशी आलं नाही, म्हणून त्याच पिशव्यांतली एक कोरी पिशवी घेतली. दहाव्याला पहाटे नम्रताचा धाकटा भाऊ सुजय पालीहून आला, त्याने पिशवी उतरवली आणि आम्ही ती खाडीच्या मुखाशी सोडून आलो. दुसरी फांदीवर राहिली.

आता नम्रताने ती काढली, विहिरीवर नेऊन धुतली, बराच वेळ धुतली, आणि फिल्टरमध्ये ठेवून झाकण लावलं.

मासे सोडले आणि घरात आवाज सुरू झाले. ओल्या कपड्यावर धोपटणं मारावं तसे ठोके. दोघं जाळीवर एकमेकांना धडकत होते. डेव्हिलचा ओठ फाटून पांढरं मांस लोंबू लागलं. जग्वारच्या बाजूला खवले तरंगत होते. त्याने जाळीच्या भोकातून डेव्हिलच्या पराचा तुकडा ओढून काढला आणि तोंडात धरून हलला नाही. स्वयंपाकघरात भांड्यांवरची ताटली थरथरायची.

"दोघेही परत जाणार," मी म्हटलं.

नम्रता जवळ सरकून बसली. "दमू देत," ती म्हणाली.

४

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो तर घरात आवाज नव्हता. एक मेला असं धरून मी आत गेलो.

दोघंही जिवंत होते. जाळीला चिकटून, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला, अंगाला अंग लावावं तसे, आणि दोघांची तोंडं बाहेर, खोलीकडे. जाळीच्या तळाशी त्यांनी वाळू उकरून एक खड्डा केला होता. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. साधारण परातीएवढा. खाली टाकीची काच दिसायला हवी होती. ती दिसत नव्हती. मधे वाळूचा एक उंचवटा त्यांनी ठेवला होता आणि दोघं त्याच्या वर पर हलवत उभे होते.

मी दर्शनला फोन लावला.

"अंडी घातली असतील सर. अंड्यांवर असेच उभे राहतात. तेव्हा जवळ जाऊ नका, बाप पण ओळखायचे नायत."

"एक डेव्हिल आहे, एक जग्वार."

"हां, ते पण आहे."

"आणि तू म्हणालास जग्वार नर. डेव्हिल?"

"तोही नर." तो हसला. "सर, सायन्स तुम्ही शिकवता, मला काय विचारता."

५

मी कोलंबी टाकली. दर्शनने सांगितलं होतं, खाण्यावरून तरी भांडतील. दोघांनी ती अर्ध्या वाटेतच उचलली, जबड्यात चिरडली, कवच थुंकलं. मग दोघंही खाली गेले आणि चावलेला चोथा त्यांनी खड्ड्यात सोडला. परत वर आले. परत चावलं, परत खाली. स्वतः एक घास गिळला नाही.

पिल्लांना असं भरवणारे मासे असतात, हे मी वाचलं होतं. पिल्लं दिसत नव्हती. पण थोड्या वेळाने खड्ड्यात चोथाही दिसेना.

वाळूत सडून पाणी बिघडेल म्हणून मी बाही वर करून हात घातला. मनगट बुडेपर्यंत दोघं हलले नाहीत. मग जग्वार माझ्या तळव्याखालच्या मांसाला लागला आणि त्याने मान झटकली. हात बाहेर काढला तरी तो सुटला नव्हता. टाकीच्या कडेवर आपटून सोडवावा लागला. पाण्यात माझं रक्त धुरासारखं पसरत होतं आणि डेव्हिल जाळीला तोंड लावून त्या धुराला चावे घेत होता.

नम्रताने हळद दाबून फडकं बांधलं. गाठ मारताना ती म्हणाली, "तुम्ही घाईने घातलात."

मग तिने पदर खोचला आणि दंडापर्यंत हात आत सोडला. मी ओरडणार होतो. दोन्ही मासे बाजूला झाले. दारातल्या माणसांनी वाट द्यावी तसे. तिचा हात खड्ड्यात गेला, बोटं वाळूत शिरली आणि तिथेच राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत तिथे मला कोणी दिसलं नव्हतं. आता होतं.

त्या रात्री तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. "उद्या कोलंबी जास्त आणा," ती म्हणाली. "बारीक बघून. मोठी चावत नाही."

"कोणाला?"

ती ताटं उचलून आत गेली.

६

टाकीची काच हिरवी पडू लागली. शेवाळ वाढायला पाण्यात काहीतरी हवं. मी बाटली भरून पाणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. हे करताना मला बरं वाटलं. परीक्षानळी, बर्नर, ओळखीचे वास.

पाणी कडक झालेलं नव्हतं. साबणाचा फेस विहिरीच्या पाण्यावर येतो तसाच भरभरून आला. शिंपल्यांनी एवढ्या दिवसांत काहीच केलं नव्हतं. मग फॉस्फेट तपासलं. आम्ल घालून मॉलिब्डेट टाकलं, नळी गरम केली. कॅनरी पक्ष्याचा म्हणतात तो पिवळा रंग तळातून वर चढत आला. मुलांना दाखवताना आम्ही मुद्दाम घट्ट द्रावण घेतो, तरी इतका येत नाही.

फॉस्फेट कोलंबीतूनही येतं. माशांच्या विष्ठेतून येतं. हे मी नळी धरून उभा असताना स्वतःला समजावलं, आणि ते बरोबरही होतं. शिंपल्यांत ते नसतं. हाडांत असतं.

घरी येऊन मी फिल्टरचं झाकण काढलं. टाकीतले दोघं वळले. मी पिशवी उघडली नाही, नुसती दाबली. शिंपल्याचे तुकडे चपटे असतात, बोटाला कडा लागते. इथे कडा लागली नाही. काहीतरी गोल, हलकं, सच्छिद्र बोटाखाली फिरलं.

सुजयने अंधारात फांदीवरून काढलेली पिशवी खाडीत पडताना खळखळली होती, तेव्हा आम्ही तिघांनी हात जोडले होते. आम्ही शिंपले समुद्रात सोडून आलो होतो.

पिशवी मी होती तिथे ठेवली. मागे नम्रता उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"धुताना कळलं."

"आणि तरी आत ठेवलीस?"

"मग काय करायचं होतं?" तिचा आवाज अजिबात चढला नाही. "परत झाडाला टांगायचं त्याला?"

७

विधी राहून गेला, तो पुरा करायचा, एवढंच हे आहे असं मी ठरवलं. खड्ड्याचा त्याच्याशी संबंध लावायचा नाही. मासे खड्डे करतात. शोकात माणसं काहीही मानतात.

पण संध्याकाळी नम्रता दिवा लावायला गेली तेव्हा मी टाकीपुढे वाकलो. उंचवट्याची वाळू वर येत होती आणि खाली जात होती. फार थोडी. फिल्टरच्या प्रवाहाने होत असेल म्हणून मी फिल्टर बंद केला. पाणी थांबलं. पानाचा एक तुकडा मधोमध स्थिर झाला. वाळू वर येत होती आणि खाली जात होती.

मी सुजयला फोन केला. पिशव्यांची अदलाबदल आणि मासे, दोन्ही सांगितलं.

"भावोजी, चूक माझी. मीच येतो रविवारी. मीच नेतो."

"तुझी ताई देणार नाही."

"मी समजावतो तिला. माझं ऐकते ती. आणि ते मासेही देऊन टाका हो. घरात सुतक असल्यासारखं वाटतं त्यांचं ऐकून."

८

रविवारी दुपारी नम्रता विहिरीवर होती. सुजय यायच्या आत टाकी उपसावी म्हणून मी नळी लावून पाणी मोरीकडे सोडलं. तिला दोन मारक्या माशांसमोर कायमचं बसू द्यायचं नव्हतं. ती जेवत होती, हे खरं. पण ती कशासाठी जेवत होती ते मला आता बघवत नव्हतं.

पाणी निम्म्यावर येईपर्यंत दोघं जागचे हलले नाहीत. मग एकदम सुटले. डेव्हिल काचेवर इतक्या जोराने आला की त्याचा एक डोळा फुटला. जग्वारने जाळीचा खालचा कोपरा उखडला. जाळी आडवी पडली. आता ते एकमेकांना फाडतील, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो.

ते एकमेकांच्या वाटेलाही गेले नाहीत. पाणी बोटभर उरलं तेव्हा दोघं कुशीवर आडवे झाले आणि उघड्या पडलेल्या खड्ड्यावर एकमेकांना टेकून पडून राहिले. कल्ले फडफडत होते. रक्त वाळूत जिरत होतं. मी झाडूच्या दांड्याने डेव्हिलला बाजूला सारायला गेलो. त्याने दांडा धरला. मी जोर केला तसा त्याचा जबडा मोडल्याचा आवाज आला. तरी सोडला नाही.

दांडा ओढताना मासा थोडा सरकला आणि मला खाली दिसलं.

वाळूत मुठीएवढं काहीतरी होतं. फिकट. मिटलेलं. उजेड लागला तसं ते आकसलं. मग हळूहळू उघडलं, तान्ह्या पोराच्या तोंडासारखं.

मी किती वेळ वाकून होतो ते सांगता येणार नाही. दारावरची घंटा वाजली. उजेड लागू नये म्हणून मी तळहात त्याच्यावर धरला होता, हे मला तेव्हा कळलं. जग्वारचं तोंड माझ्या मनगटाला लागलेलं होतं. तो चावत नव्हता.

९

दार उघडंच होतं. सुजय हातात तांब्या आणि फुलांची पुडी घेऊन आत आला. माझ्याकडे बघून त्याचे डोळे भरून आले.

"काय हालत करून घेतलीत हो. सरका तुम्ही. मी काढतो सगळं."

"थांब जरा."

"ताई यायच्या आत उरकू या." त्याने तांब्या खाली ठेवला, फिल्टरमधली पिशवी काढून तांब्यात ठेवली, कपाळाला हात लावला. तिथवर ठीक होतं. तिथवर मीही हात जोडले होते. मग त्याने टाकीत बघितलं. "हे मासे तर गेलेच. आणि हे काय वाळूत?"

"सुजय, हात घालू नकोस."

"घाण आहे भावोजी काहीतरी. सडलंय." त्याने बाही सारली आणि हात घातला.

माझे दोन्ही हात टाकीत होते. एका हाताने मी उजेड अडवला होता, दुसऱ्याने वाळू सावरत होतो. दोन्ही काढता येण्यासारखे नव्हते. त्याची बोटं खड्ड्याच्या कडेला आली. मी मान खाली घातली आणि त्याच्या मनगटाच्या वर, जिथे मांस भरीव असतं तिथे, तोंड लावलं.

तो किंचाळला, मला वाटतं. त्याने माझ्या डोक्यात बुक्के मारले. माझे दात खोल गेले, मग आणखी गेले, आणि मान आपोआप झटकली गेली. तो दाराकडे गेला तेव्हा त्याच्या हाताचं थोडं माझ्याकडे राहिलं होतं. अंगणात आमची विहिरीवरची घागर पडल्याचा आवाज आला.

"ताई, भावोजींच्या जवळ जाऊ नको," सुजय बाहेर म्हणत होता. "ताई, ऐक. चल माझ्याबरोबर."

"पाणी आणते," नम्रताचा आवाज आला. "तू जा आता. डॉक्टरकडे जा."

ती आत आली. तिने तांब्यातून पिशवी काढून फिल्टरमध्ये ठेवली. मग विहिरीचं पाणी आणून टाकीत सोडलं, वाळू उडू नये म्हणून ताटलीवरून, हलक्या हाताने. पाणी वर चढलं तसे दोघं मासे सरळ झाले. डेव्हिलचा जबडा लोंबत होता. त्याला आता काही चावता येणार नव्हतं. तरी तो जागेवर जाऊन उभा राहिला.

नम्रताने स्वयंपाकघरातून कोलंबीची वाटी आणली, एक सोलली आणि माझ्या तोंडासमोर धरली.

"आधी चूळ भरा," ती म्हणाली. "मग हे बारीक चावून द्या. त्याला अजून दात आलेले नाहीत."

मी चूळ भरली. पाणी लाल गेलं, मग गुलाबी, मग साधं. मग मी तोंड उघडलं.